धर्मशाळेचं वाय-फाय

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर पहिले सहा महिने मी घरात बसून काढले. मग लालबागहून चालत जाता येईल अशी एक जागा मिळाली. परळमधल्या मोठ्या रुग्णालयांत बाहेरगावाहून येणाऱ्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी एक जुनी धर्मशाळा आहे. तिथल्या व्यवस्थापकांना टेलिफोनच्या तारा बदलायच्या होत्या आणि कुणीतरी त्यांना माझं नाव सुचवलं होतं. तारा बदलून झाल्या, पण मी जातच राहिले. दुपारी अकरा ते पाच. पगार नव्हता, चहा दोनदा. पुढे मजल्यामजल्यावर वाय-फायच्या पेट्या लावल्या तेव्हा तेही काम माझ्याकडे आलं. व्यवस्थापक मला ‘बाई’ म्हणत आणि नातेवाईक ‘इंटरनेटवाल्या मॅडम’.

एका सोमवारी इंटरनेट पुरवणाऱ्याचं पत्र आलं. आमच्या जोडणीवरून हजारो नको ती ईमेल बाहेर जात आहेत, पंधरा दिवसांत बंदोबस्त करा, नाहीतर जोडणी तोडावी लागेल.

व्यवस्थापकांनी पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. “बाई, हे लोक तोडतील का खरंच?”

“तोडतील.”

“मग पाव्हण्यांचं काय? संध्याकाळी सगळे घरी बोलतात. बंद पडलं तर इथे येऊन मला खातील.”

धर्मशाळेत राहणाऱ्यांना ते पाव्हणे म्हणत. मी त्यांना सांगितलं, की अशा कामासाठी बाजारात तयार यंत्रं मिळतात, पण ती आपल्याला परवडणारी नाहीत. दुसरा एक मार्ग होता. काही महिन्यांपासून मी एका ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या ईमेल-मंडळात नुसतीच वाचक म्हणून होते. नेटवर्कमधून जाणारी-येणारी माहिती तपासायची, घुसखोरी किंवा गैरप्रकार दिसला तर नोंद करायची आणि सांगितलं तर तिथल्या तिथे अडवायचं, असं ते सॉफ्टवेअर होतं. त्याची अगदी सुरुवातीची आवृत्ती नुकतीच बाहेर पडली होती. कुणीही फुकट घ्यावी, चुका सापडल्या तर कळवाव्यात. सोबतच्या कागदात पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं, की ही आवृत्ती चाचणीसाठी आहे, महत्त्वाच्या ठिकाणी तिच्यावर विसंबू नये.

हे वाक्य मी व्यवस्थापकांना वाचून दाखवलं नाही.

दान म्हणून आलेला एक कॉम्प्युटर कार्यालयाच्या माळ्यावर पडून होता. तो खाली काढला, पुसला. लॅमिंग्टन रोडवर जाऊन एक जादा नेटवर्क कार्ड आणलं, कारण अशा यंत्राला दोन तोंडं लागतात. एकातून इमारतीची केबल आत येते, दुसरं बाहेरच्या जगाकडे जातं आणि मध्ये सॉफ्टवेअर बसतं. आमच्या इमारतीतला प्रत्येक फोन जे काही मागेल ते या डब्यातूनच जाणार होतं.

सॉफ्टवेअर चालू करायला मला चार दुपारी लागल्या. ते तयार मिळत नव्हतं, मूळ मजकुरातून, म्हणजे सोर्स कोडमधून, आपल्याच मशीनवर बांधून घ्यावं लागत होतं. पहिल्या दिवशी ते अर्ध्यावर थांबलं आणि एक लायब्ररी सापडत नाही म्हणालं. कॉम्प्युटरवाले तयार तुकड्यांच्या संचाला लायब्ररी म्हणतात. ती आणली तर दुसरी सापडेना. तिसऱ्या दिवशी सगळं बांधून झालं आणि चालू केल्या केल्या बंद पडलं. कागदपत्रांत त्या चुकीचा उल्लेख नव्हता. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या मंडळाला ईमेल लिहिलं, इंग्रजी तीनदा तपासून. दुसऱ्या दिवशी उत्तर आलेलं होतं. लिहिणारा कुठल्या देशातला हे मला कळलं नाही. त्याने एका फायलीतली एक ओळ बदलायला सांगितली होती आणि खाली जोडलं होतं, की निदान आठवडाभर नुसत्या नोंदी वाचा, अडवायला लगेच सुरुवात करू नका.

ओळ बदलली आणि ते चाललं.

पडद्यावर नोंदी खालून वर सरकू लागल्या. वेळ, कुठून, कुठे, कोणता नियम मोडला. बरोबर हजारो नियम तयार मिळाले होते, जगभरातल्या लोकांनी लिहिलेले. बहुतेक माहिती हल्ली कुलूपबंदच जाते, त्यामुळे कोण काय लिहितंय-बोलतंय ते दिसत नाही. पण कोण कुठल्या वेबसाइटवर जातंय तेवढं दिसतं. एका फोनवरून सकाळपासून एकाच आजाराबद्दलच्या वेगवेगळ्या जागा धुंडाळल्या जात होत्या. मी तो भाग पडद्यावरून काढून टाकला. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असताना लाइन तपासायला आम्हाला तिच्यावर कान लावावा लागे. टोन आला की बाजूला व्हायचं, हा तिथला शिरस्ता होता आणि मी तो छत्तीस वर्षं पाळला होता. इथे शिरस्ता कुणी लावून दिलेला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी ईमेलचा उगम सापडला. तो व्यवस्थापकांच्याच टेबलावरचा कॉम्प्युटर होता. त्यांनी कुठूनतरी पंचांगाचा एक फुकट प्रोग्राम उतरवून घेतला होता, रोजची तिथी कोपऱ्यात दिसावी म्हणून. त्याच्याबरोबर बाकीचं आत आलं होतं.

“माझ्या कॉम्प्युटरवरून?” ते म्हणाले. “पण मी तर फक्त तिथी बघतो.”

“तिथी तुम्ही बघता. बाकीचं तो बघतो.”

ते शरमले. मी कॉम्प्युटर साफ करून दिला, पुरवठादाराला पत्र लिहिलं आणि प्रकरण मिटलं. खरं म्हणजे तिथेच थांबायला हवं होतं. पण चार दुपारी खर्चून चालू केलेलं यंत्र नुसतंच बघत बसलंय, हे मला बरं वाटेना. त्याने काहीतरी अडवलेलं मला पाहायचं होतं. मंडळातून सांगितलेला आठवडा अजून पुरा व्हायचा होता. पुढच्या सोमवारी सकाळी मी जरा लवकर, नऊ वाजताच गेले आणि नोंद करण्याऐवजी अडवण्याची सूचना दिली. इमारतीत कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असंच तेव्हा वाटलं नव्हतं.

त्याच दिवशी दहाच्या सुमाराला पहिली लाल ओळ आली. एक फोन बाहेरच्या कुठल्याशा यंत्राला नाव आणि पासवर्ड पाठवत होता, तेही उघड्या अक्षरांत आणि कारखान्यातून येतो तोच, न बदललेला पासवर्ड. नियमात हा धोका म्हणून लिहिलेला होता. सॉफ्टवेअरने तो निरोप टाकून दिला. फोनने पुन्हा पाठवला, पुन्हा टाकला. अकरापर्यंत अशा पंचेचाळीस-पन्नास ओळी झाल्या. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. मी त्या ओळींकडे बघत चहा प्यायले आणि समाधानाने प्यायले हे कबूल करायला हवं. फोन कुणाचा आहे हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. तो माझ्यासाठी एक आकडा होता.

तळमजल्यावर, पाण्याच्या पिंपाशेजारी एक बाकडं आहे. तिथे त्या दिवसांत कणकवलीकडचे एक गृहस्थ बसलेले असत. पन्नाशीचे, गावात पिठाची गिरणी असलेले. त्यांच्या बायकोला रुग्णालयात शेक चालू होता. रेडिएशनला आमच्याकडे सगळे शेकच म्हणतात. शेकाच्या खोलीत नातेवाइकांना नेत नाहीत आणि बाहेर बसायला जागा अपुरी, म्हणून बायको त्यांना परत पाठवी आणि अकराला घ्यायला बोलावी. बुधवारी मी जिन्याकडे जाताना त्यांनी मला थांबवलं.

“बाई, वाय-फाय बरोबर चालता मा?”

“चालतंय की. का? बाकी कुणाची तक्रार नाही.”

“नाय, नाय. मग माझोच मोबायल बिघडलो आसतलो.”

माझी आई मालवणची, तेव्हा त्यांचं बोलणं मला घरच्यासारखंच होतं. तरी मी थांबले नाही. फोन दाखवा म्हटलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. मी वर गेले.

गुरुवारी साडेचारच्या सुमाराला त्यांची बायको कार्यालयात आली. बारीक चणीची, डोक्याला सुती रुमाल बांधलेला. तिला दुसऱ्या दिवशी कुणाची तरी सोबत हवी होती. तिने व्यवस्थापकांना विचारलं, “उद्या माझ्या वांगडा रुग्णालयात येवक कोण गावात काय?”

“का? ते कुठे गेले?”

“हे गावाक गेले. आताच, दुपारच्या गाडीन. चार दिस झाले, म्हातारे मोबायलात दिसनत नाय म्हणान.”

मी मान वर केली. “मोबाइलमध्ये म्हणजे?”

तिने सांगितलं ते असं. घरी तिचे सासरे एकटे होते. वय ऐंशीच्या पुढे, कानाने पार बहिरे, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. शेजारीण दोन वेळा जेवण देई. मुंबईला निघण्याआधी कणकवलीतल्या एका दुकानदाराने माजघरात स्वस्तातला कॅमेरा बसवून दिला होता. तिचा नवरा रोज सकाळी दहाला फोनवर बघे. म्हातारे त्या वेळी माजघरात बसून पेज पीत. पेज पिऊन झाली, वाटी खाली ठेवली, एवढं बघितलं की त्याचा दिवस सुरू होई. फोनचं रिचार्ज नुसतं बोलण्यापुरतं होतं, म्हणून तो धर्मशाळेच्या वाय-फायवर बघे.

“शेजारणीला फोन करून विचारायचं ना,” व्यवस्थापक म्हणाले.

“इचारल्यांनी. ती म्हणता, बरे आसत. पण माका ह्यो आजार, तेव्हा आमका आता कोण खरा सांगूचो नाय, असा ह्यांका वाटता.”

मी आतल्या खोलीत गेले आणि नोंदी उघडल्या. दहा ते अकरा. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. गुरुवारी तर बायकोला घेऊन आल्यावर पुन्हा बारा वाजेपर्यंत त्याने प्रयत्न केला होता. पासवर्ड पाठवला जात होता तो कॅमेऱ्यालाच. मी अडवण्याची सूचना काढून टाकली. त्याला एक शब्द बदलावा लागतो. मग बाहेर येऊन तिच्याकडून नवऱ्याचा नंबर घेतला आणि फोन लावला. बंद होता. प्रवासात बॅटरी पुरावी म्हणून ते फोन बंदच ठेवतात, ती म्हणाली.

“उद्या मी येते तुमच्याबरोबर,” मी म्हणाले. कारण सांगितलं नाही. व्यवस्थापकांना वाटलं, बाई किती चांगल्या.

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघी निघालो. ती हळू चालत होती, पण थांबत नव्हती. वाटेत एका दुकानाबाहेर साड्यांचे गठ्ठे उतरत होते, ते तिने चालता चालता बघून घेतले. रुग्णालयात नंबर यायला तासभर होता. तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मी तिला सगळं सांगितलं. जमेल तितक्या साध्या शब्दांत, आणि यात चूक माझी आहे हेही.

ती ऐकत होती. मध्ये एकदाच म्हणाली, “म्हणजे म्हातारे बरे आसत?”

“ते मला माहीत नाही. चित्र का दिसत नव्हतं, एवढंच मला माहीत आहे.”

तिने मान हलवली. मला वाटलं होतं ती चिडेल. ती चिडली, पण माझ्यावर नाही. “ह्यांका चार दिस झोप नाय. मी म्हटलंय, जावा, बघून येवा, माझा काय ता मी बघतंय. तरी जाताना दारात उभे रवले. मी तेंका ढकललंय. आणि आता म्हणता ह्या सगळा एका डब्यामुळे.”

“हो.”

“तो डबो तुमी आणलास?”

“हो.”

मग तिचा नंबर पुकारला आणि ती आत गेली. मी तिची पिशवी मांडीवर घेऊन बसले. पंचवीस मिनिटं लागली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात फोन होता. नुकतंच नवऱ्याने गावाहून कळवलं होतं.

“बरे आसत,” ती म्हणाली. “पेज पितत. ह्यांका बघून इचारल्यांनी, तू हय कसो, सुनेक खंय टाकलंस.” आणि ती पहिल्यांदा हसली.

गृहस्थ शनिवारी सकाळी परत आले. गाडीतून उतरून अंघोळही केली नव्हती. मी त्यांना कार्यालयात बसवलं, बायको शेजारी बसली, व्यवस्थापकांनी चहा मागवला. मी पुन्हा सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. गावी पोचल्यावर कॅमेऱ्याचा दिवा चालू बघितला, म्हणाले, तेव्हाच कळलं की बिघाड इकडचा आहे.

मी माफी मागितली. त्यांनी हात हलवून ती बाजूला सारली, लोक माफीला करतात तसं. पण मला अजून एक गोष्ट सांगायची होती आणि ती मी आदला दिवसभर टाळली होती.

“अडवायची पद्धत माझी चुकली,” मी म्हणाले. “पण सॉफ्टवेअरने जे ओळखलं ते खोटं नव्हतं. तुमच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड कंपनीने दिलेलाच आहे. तो सगळ्यांना माहीत असतो. ज्याला असे कॅमेरे शोधायचे असतात, त्याला तुमचा सापडू शकतो.”

त्यांना समजायला वेळ लागला.

“म्हणजे बाबांका आणि कोण बघित होतो?”

“माहीत नाही. बघू शकत होता.”

“कोण?”

“ते मला इथून कळणार नाही. कदाचित कुणीच नाही.”

त्यांनी कप खाली ठेवला. “ते थंयच कपडे बदलतत,” ते म्हणाले. व्यवस्थापक खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, हे न सांगता नुसता नियम सैल केला असता तर हा माणूस उद्या दहाला पुन्हा सुखाने बाकड्यावर बसला असता. असं मला आजही कधीकधी वाटतं.

शेवटी तेच म्हणाले, “काढून टाकूया. शेजारणीक सांगतंय, वायर ओढ.”

“आणि मग पुन्हा गावाक पळशात?” बायको म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “क्यामेरो लावच्या आदी तुमी बाबांका इचारलास?”

“तेंका खंय ऐकाक येता?”

“ऐकाक येणा नाय म्हणान इचारूचा नाय?”

मग तिनेच तोड काढली. म्हातारे पेज पिऊन झाल्यावर पडवीत येऊन बसतात, दुपारपर्यंत तिथेच असतात. कॅमेरा पडवीत लावायचा. पडवी रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसते, तिथे लपवण्यासारखं काही नाही. आणि या वेळी शेजारणीने म्हाताऱ्यांना हाताने खूण करून दाखवायचं, की यातून तुमचा मुलगा बघतो.

मी पासवर्ड बदलून देते म्हणाले. नवा पासवर्ड त्यांनीच ठरवायचा होता. त्यांनी तो स्वतःच टाइप केला आणि मी तोंड फिरवून उभी राहिले. रविवारी शेजारणीच्या नवऱ्याने कॅमेरा हलवला. तो जरा तिरका बसला. सोमवारी मी मुद्दाम लवकर गेले. दहाच्या थोडं नंतर गृहस्थांनी मला हाक मारून फोन दाखवला. पडवीचा खांब, खुर्चीचा अर्धा भाग आणि म्हाताऱ्यांचे पाय, एवढंच दिसत होतं. मध्येच एक हात आला आणि पायावरची माशी हाकलून गेला.

“पुरे,” ते म्हणाले.

मी त्या आठवड्यात दोन कामं केली. धर्मशाळेच्या फळ्यावर एक सूचना लिहिली, की या इमारतीच्या वाय-फायवर असं यंत्र बसवलेलं आहे, ते अमुक बघतं, अमुक बघत नाही, आणि तुमचं काही बंद पडलं तर आधी मला विचारा. तीन-चार जणांनी ती वाचून वाय-फाय वापरणं सोडलं. ते त्यांनी बरोबर केलं असं मला वाटतं. दुसरं म्हणजे मंडळाला सविस्तर ईमेल लिहिलं. कोणत्या नियमाने काय अडवलं आणि त्यामुळे काय झालं. कॅमेरा, पेज आणि कणकवलीची गाडी हे इंग्रजीत कसं लिहायचं ते मला जमेना, म्हणून ‘एका वापरकर्त्याची गैरसोय झाली’ एवढंच लिहिलं. त्यावर कुणीतरी लिहिलं, की नियम योग्य आहे, बदलायची गरज नाही. ते खरंच होतं.

यंत्र नंतर नुसतं नोंदी करत राहिलं. अडवायचं काय ते मी एकेक नियम बघून, खालच्या मजल्यापासून वरपर्यंत विचारून ठरवत गेले. या कामाला पुढे सात-आठ महिने लागले. तोवर सॉफ्टवेअरच्या आणखी दोन आवृत्त्या आल्या.

त्याच्या बऱ्याच आधी, शेक संपले त्या दिवशी, ते जोडपं सामान घेऊन खाली आलं. गृहस्थ टॅक्सी बघायला गेले. ती कार्यालयाच्या दारात उभी होती. म्हणाली, “तो डबो दाखवा बघूया.”

मी तिला आत नेलं. पडद्यावर ओळी सरकत होत्या. दुपारची वेळ, बरेच जण फोनवर होते. तिने जवळ वाकून बघितलं. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण ओळी हलतात ते ती मन लावून बघत होती.

“हे सगळे आमच्यासारखेच?”

“हो. प्रत्येक ओळ कुणाच्या तरी फोनची.”

“ह्येच्यात मी खंय?”

तिचा फोन साधा होता, बटणांचा. तो वाय-फायवर कधी आलाच नव्हता.

“तुम्ही नाही यात,” मी म्हणाले.

“बरा,” ती म्हणाली, आणि रुमाल नीट करून बाहेर गेली. टॅक्सी आली होती.